यमुना टॉकीजचा बास कोणी नेला?

१

ज्याच्या खांद्यावर बसून लहानपणी पिक्चर बघितले, त्या माणसाला बारा जणांसमोर "ए चिमण, चोरा" म्हणायचं, ही कुठली रीत? ही माझ्या उमेशची रीत. पोटचा आहे म्हणून मी झाकून ठेवणार नाही. दसऱ्याला आपट्याचं पान देऊन याच चिमणच्या पाया पडला होता. दोन दिवस गेले नाहीत, तर कमरेला बाम चोळून, वाकडा उभा राहून, त्याच्याकडेच बोट दाखवत होता.

झालं असं. डहाणू रोड स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर आमचं यमुना टॉकीज आहे. यमुना म्हणजे मी. आमच्या ह्यांनी थेटर बांधलं आणि नाव माझं दिलं. लोक मला बायजी म्हणतात, यमुना तेवढी पाटीवर राहिली. २०१६ साली पोरं पिक्चरला वापीला जायला लागली. का, तर तिथे आवाज छातीत बसतो. म्हणून उमेशने पडद्यामागे दोन सबवूफर आणले. कपाटाएवढ्या काळ्या पेट्या. पिक्चरमध्ये ढग गडगडले, हत्ती धावले, की कानाआधी पोटाला कळतो तो आवाज या पेट्या काढतात. त्याला बास म्हणतात. सोमवारी वापीच्या मनिष फिटरने खुर्च्यांमध्ये माईक ठेवून, दिवसभर घूंऽऽ घूंऽऽ करून तो बास असा बसवला, की मागच्या खोलीत राहणाऱ्या तुळशीच्या मांडणीवरची पातेली खाली आली.

मंगळवारी दसरा. सकाळी मी दोन्ही पेट्यांची पूजा केली. पुढून झेंडूचा हार घातला. पाठीमागे वायरीला नाडाछडी, म्हणजे पूजेचा लाल दोरा बांधला. दोन्ही पेट्यांना उजव्या हाताच्या वायरीला बांधला, कारण नाडा उजव्याच मनगटाला बांधतात, मग माणूस असो की यंत्र.

शुक्रवारी नवा पिक्चर लागायचा होता. गुरुवारी सकाळी उमेशने बाजारातले बारा दुकानदार ट्रायलला बोलावले आणि मधोमध चांगल्या जागी बसवले. "छाती सांभाळा हां," म्हणाला. पडद्यावर हत्ती धावत आले. आणि आवाज कसला, तर अंगणातून कोंबड्या गेल्यासारखा.

"उमेशशेठ," रघ्या पानवाला म्हणाला, "हत्ती उपाशी आहेत काय?"

सगळे हसले. उमेशचं डोकं फिरलं. केबिनमधून चिमणला खाली बोलावून तो ओरडायला लागला. "पेट्या नकोत म्हणून महिनाभर कटकट तूच केलीस. पडद्यामागच्या दाराची किल्ली तुझ्याकडे. काहीतरी काढून नेलंस तू. ए चिमण, चोरा, संध्याकाळी किल्ली ठेव आणि तलासरीची गाडी पकड!"

चिमण सव्वीस वर्षं आमचं पिक्चरचं मशीन चालवतो. किल्ली काढून त्याने माझ्या हातावर ठेवली.

"बायजी, मी जातो. पण गावात चोर म्हणून कसा जाऊ, तेवढं सांगा."

मी किल्ली मुठीत धरली. "संध्याकाळी पाचपर्यंत कोणी कुठे जाणार नाही. आणि हे जे बारा जण ऐकून चाललेत, त्यांनी पाचला परत यायचं. ज्या कानांनी आरोप ऐकला, त्याच कानांनी निकाल ऐका."

"आई, तुला यातलं काय कळतं?"

"तू गप्प राहा आणि बाम लाव," मी म्हटलं.

पण खरं सांगायचं तर त्या घडीला मला काडीचंही कळत नव्हतं.

२

मनिषला वापीहून यायला चार वाजणार होते. तो गुजराती, मला बा म्हणतो, म्हणजे आई. फोनवर म्हणाला, "बा, कशाला हात लावू नका. फक्त एकेक पेटी वेगळी चालवून बघा. केबिनमध्ये दोन बटणं आहेत, चिमणकाकांना दाखवलीत मी."

"चिमणला मी हात लावू देणार नाही," उमेश म्हणाला.

"मग तू लाव."

"मला ती बटणं नक्की कुठली ते…"

"मग चिमणच लावेल. तू बाजूला उभा राहून बघ, तेवढं तरी जमेल."

चिमणने नुसती डावी पेटी चालवली. हत्ती आले आणि माझ्या बांगड्या हातात थरथरल्या. छपरातलं पाखरू उडालं. मग डावी बंद करून नुसती उजवी. तोच दणका, कणभर कमी नाही.

"आता दोन्ही लाव."

कोंबड्या.

असं मी जावा-जावांत बघितलंय. वेगवेगळ्या घरात दोघी राब राब राबतात, आणि एका चुलीपाशी आणल्या की दोघी हात बांधून बसतात. पण त्या पेट्या होत्या, त्यांना रुसायला कोण सासू लागली होती?

"उमेश, काय चोरीला गेलं म्हणालास?"

काहीच चोरीला गेलं नव्हतं. म्हणजे जे झालं होतं ते चोरीपेक्षा अवघड होतं.

३

उमेशचा दुसरा संशय तुळशीवर. ती टॉकीज झाडते. सोमवारच्या दणक्यापासून तिच्या कोंबड्यांनी अंडी द्यायचं सोडलं होतं, आणि तिने पेट्यांच्या नावाने सगळा रस्ता गोळा केला होता.

"तुळशे, पेट्यांना काही केलंस?"

"केलं ना. शिव्या दिल्या."

"आणखी?"

"आणखी द्यायच्या राहिल्यात. पण हात नाही लावला हां बायजी. ती काळी तोंडं बघूनच भ्या वाटतं. आणि बास गेला बास गेला काय करता? सकाळी मला आला की आवाज. बाजूच्या दारात भिंतीला टेकून उभी होते. सोमवारसारखा नाही, पण पोटात लागला."

"खोटं!" उमेश म्हणाला. "चिमणला वाचवतेय. बारा जणांना आला नाही आणि हिला बरा आला!"

"बारा बापड्यांना तुम्हीच मधे बसवलं," तुळशी म्हणाली. "मला कोण खुर्ची देतंय?"

मी चिमणला परत हत्ती सोडायला सांगितले. मधल्या खुर्चीत बसले, तर काही नाही. उठून भिंतीकडे चालत गेले. तिथे पोचेपर्यंत पोटात हलकं हलकं वाजायला लागलं. परत मधे आले, गेलं. पुन्हा भिंतीशी, आलं. माझ्याच टॉकीजमध्ये मी वेड्यासारखी तीन फेऱ्या मारल्या आणि उमेश तोंड उघडं टाकून बघत राहिला.

तुळशी खरं बोलत होती. आवाज पेट्यांतून निघत होता आणि बरोबर मधे येऊन मरत होता.

"आणि बायजी," ती जाता जाता म्हणाली, "माझं गोणपाट कोणी नेलं ते पण विचारा. पडद्याच्या दाराशी पाय पुसायला टाकलेलं. दसऱ्याच्या दुपारपासून नाही."

"गोणपाटाचं मागून बघू," मी म्हटलं. तिथे मी चुकले. त्या दिवसात मला कोणी सांगितलेली सगळ्यात कामाची गोष्ट तीच होती.

४

चिमण केबिनमध्ये बसला होता. समोरचा चहा गार झालेला.

"चिमण, खरं सांग. पेट्या नकोत असं का म्हणत होतास?"

"पेट्या नकोत असं कुठे म्हणालो? आतलं छत हलतंय म्हणालो. तिसऱ्या रांगेवरचा एक पत्रा सैल होता. आधी तो आवळू, मग पेट्या आणू, असं बोललो. उमेशने पुढचं ऐकलंच नाही."

"मग आवळला कोणी?"

"मीच. रविवारी, शिडी लावून."

घ्या! ज्याच्या डोक्यावर पत्रा पडू नये म्हणून हा शिडी चढला, त्याने याला चोर म्हटलं.

"दसऱ्याला कुठे होतास?"

"पूजा झाली, तुमच्या हातचा पेढा खाल्ला, एकच्या एसटीने घरी गेलो. भात कापायला आलाय. बुधवारी संध्याकाळी परत आलो. किल्ली करदोड्याला होती, कोणाला दिली नाही."

"तुला ती पेटी एकट्याने हलवता येईल?"

तो पहिल्यांदा हसला. "जुन्या रिळांचे डबे उचलून हा उजवा खांदा गेलाय, बायजी. भाताचा भारा बायको उचलते, मी मागून विळा घेऊन चालतो. आणि हलवू कशाला? मनिषने सांगितलंय, पेटी बोटभर सरकली तरी त्याची दिवसभराची मेहनत वाया."

"किल्ल्या किती त्या दाराला?"

"दोन. एक माझी."

"आणि दुसरी?"

चिमणने कप उचलला, गार चहा एका घोटात संपवला आणि कप उपडा ठेवला. "दुसरी तुमच्या घरात असते. देवघराशेजारच्या खिळ्याला."

म्हणजे मी ज्याला शोधत होते, तो माझ्याच हातचं जेवत होता.

५

जेवण झाल्यावर मी बॅटरी घेऊन एकटीच पडद्यामागे गेले. बोळ अरुंद, अंधारी. डावी पेटी जिथल्या तिथे. उजवी पण जिथल्या तिथे दिसत होती. पण बॅटरी खाली धरली, तर पेटीच्या बुडाखालून गोणपाटाचं एक टोक बाहेर आलेलं. तुळशीचं गोणपाट! मागे जमिनीवर धूळ पुसलेला एक पट्टा, बोळातून थेट पडद्यापुढच्या स्टेजकडे गेलेला.

जड वस्तू हलवायला चार माणसं असली की माणूस ती उचलतो. एकटा असला आणि कोणाला कळू द्यायचं नसलं, की खाली गोणपाट घालून ओढतो. कोणीतरी ही पेटी ओढत स्टेजवर नेली होती आणि ओढत परत आणली होती. परत आणल्यावर गोणपाट काढायला पेटी पुन्हा उचलावी लागते. तेवढा दम त्याच्यात उरला नव्हता.

ठीक. पण नुसती नेऊन आणली तर आवाज मधे का मरावा?

मी पाठीमागे वाकले. पेटीच्या पाठीला वायरी अडकवायची दोन गोल बटणं असतात, डावीकडे लाल, उजवीकडे काळं. दोन वायरी त्यांत घट्ट पिळून बसवतात. दोन्ही वायरी काळ्याच, डोळ्यांना सारख्या दिसतात. डाव्या पेटीला माझा नाडा उजवीकडच्या वायरीला होता, काळ्या बटणात. मी बांधला तसाच.

मग उजव्या पेटीवर बॅटरी मारली. नाड्याची वायर डावीकडे, लाल बटणात.

मी भिंतीला टेकून उभी राहिले. वायरी काढून परत लावल्या होत्या, आणि लावणाऱ्याने अंधारात लाल बटणाला लाल खूण शोधली होती. खूण मी बांधलेली. चिमणची नोकरी जायला निघाली होती, आणि त्यात माझ्या हाताची गाठ होती.

६

घरी आले ती थेट झोपाळ्यावर बसले. मला विचार करायला झोपाळा लागतो. सून प्रगती फोन घेऊन आली आणि शेजारी बसली.

"आई, चहा टाकू?"

"नको. झोका दे."

तिने पायाने रेटा दिला. त्याच वेळी मीही दिला, पण ती मागे रेटत होती आणि मी पुढे. झोपाळा जागच्या जागी थरथरला आणि थांबला. कड्या तेवढ्या कुरकुरल्या.

"अहो आई, दोघींनी एकाच बाजूला द्यायचा!" ती हसत म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. दोघीही जोर लावतोय, दोघींचे पाय शाबूत, आणि झोपाळा हलत नाही. एकटी प्रगती असती तर हलला असता. एकटी मी असते तरी हलला असता.

"प्रगती, तू कुठल्या चांगल्या घरातून आलीस हे मी तुला कधी सांगितलं नाही ना?"

"नाही," ती घाबरून म्हणाली.

"सांगणार पण नाही. फोनवर काय बघतेस?"

"ह्यांचा दसऱ्याचा फोटो. बोर्डीपासून उमरगावपर्यंत सगळ्या पाहुण्यांनी अंगठे दिलेत. बघा किती छान आलाय."

फोटो छानच होता. माझा लेक नवा सदरा घालून उभा. एक हात कमरेवर, दुसरा झेंडूचा हार घातलेल्या काळ्या पेटीवर. मागे टॉकीजचा पांढराशुभ्र पडदा.

पडदा पेटीच्या मागे होता. पडद्यामागे ठेवलेली पेटी फोटोत पडद्यापुढे उभी होती. स्वतःच्या हाताने केलेला कारभार त्याने स्वतःच सगळ्या पाहुण्यांना पाठवला होता, आणि त्यावर अंगठे घेतले होते!

"हा फोटो कधी काढला गं?"

"दसऱ्याला दुपारी, तुम्ही झोपला होता तेव्हा. मला हाक मारली, मी गेले, काढला. पेटी तेव्हा स्टेजवरच होती. का हो आई? तेव्हापासून ह्यांची कंबर धरलीय, उसण भरली म्हणतात."

मी झोपाळ्यावरून उतरले. साडेचार वाजत आले होते.

७

मनिष आला होता. मी त्याला पडद्यामागे नेऊन बोट दाखवलं. त्याने वायर अंगठ्याखाली चाचपली.

"अरे बा! ह्या दोन तारांपैकी एकीवर बारीक उठलेली रेघ असते, ती बोटाला कळते. ती लालला जायला पाहिजे. इथे उलटी लागलीय. एक पेटी हवा पुढे ढकलते तेव्हा दुसरी मागे ओढते. मधे सगळा बास कट. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"झोपाळ्याने," मी म्हटलं. त्याने वायरी सुलट लावल्या.

पाचला बाराच्या बारा दुकानदार हजर. फुकटचा पिक्चर आणि फुकटचं भांडण, डहाणूत कोण सोडतं? चिमण वर केबिनमध्ये होता. हत्ती आले आणि रघ्याच्या हातातला पानाचा विडा खाली पडला. तुळशीच्या खोलीतून भांडी आणि शिव्या एकदमच ऐकू आल्या. मी मधल्या खुर्चीत होते. पोटापासून दातापर्यंत सगळं हललं.

दिवे लागले. टाळ्या वाजवत उमेश पुढे आला. "बघा, मनिषने शोधून काढलं! चिमणने वायर उलटी केली होती ना?"

"बस खाली," मी म्हटलं. "कंबर दुखत असेल तर टेकून बस."

मग मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. आधी माझं. "वायरीला नाडा मी बांधला. फिटरच्या कामात लाल म्हणजे खूण, हे मला ठाऊक नव्हतं, आणि मी विचारलंही नाही. ती माझी चूक, बाराही जणांनी ऐकून ठेवा." मग गोणपाट सांगितलं. मग प्रगतीचा फोन हातोहात फिरवला. रघ्याने फोटो बघितला, उमेशकडे बघितलं, पुन्हा फोटो बघितला. मग फोन पुढच्याच्या हातात दिला.

उमेशची मान खाली. "आई, मला वाटलं लाल दोरा मनिषनेच बांधलाय. लालला लाल लावलं. यामुळे आवाज जाईल हे खरंच माहीत नव्हतं गं."

"माहीत नव्हतं, मान्य. पण पेटी तू हलवलीस हे तर माहीत होतं? सकाळी का नाही बोललास?"

"मीच सगळ्यांना तंबी दिली होती, पेटीला हात लावायचा नाही म्हणून. एवढे लोक होते समोर. लाज वाटली."

"स्वतःची लाज राखायला चिमणला चोर केलंस?"

वरच्या केबिनच्या चौकोनी खिडकीत उजेड होता आणि चिमणची सावली हलत नव्हती. तो ऐकत होता.

मी उमेशच्या समोर जाऊन उभी राहिले आणि मागच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात म्हटलं, "वायर उलटी लावलीस ते मी माफ केलं, कारण त्यात अर्धी मी आहे. पण बारा जणांसमोर गप्प राहिलास, ते माफ करायचा हक्क माझा नाही. जिना चढ. केबिनचं दार वाजव आणि 'चिमणकाका, येऊ का' म्हणून विचार. तो ये म्हणेपर्यंत उंबऱ्याबाहेर उभा राहा, रात्र झाली तरी चालेल. आणि तो नाही म्हणाला, तर उद्याचा खेळ होणार नाही. तिकीट खिडकीत मी स्वतः बसेन आणि येईल त्या प्रत्येक माणसाला सांगेन, की माझ्या पोराला माणूस जपता आला नाही, म्हणून यमुना टॉकीज आज बंद आहे. चल, ऊठ."